धणे दसऱ्याला, गवती चहा मृगाला

दरवर्षी मार्चच्या शेवटी आमच्या सोसायटीतलं कुणी ना कुणी जिन्यात गाठतं. "अहो, धणे टाकले, छान उगवले, आणि वीतभर व्हायच्या आत दांडा वर काढून फुलावर आले. बीच खराब असणार, नाही का?" बी बहुतेक वेळा उत्तम असतं. चुकलेला असतो तो महिना.

यात नवख्या माणसाचा फारसा दोष नाही. पाकिटांवरचा सल्ला थंड देशांतल्या हिशेबाने लिहिलेला असतो: थंडी सरली की पेरा, एप्रिल-मे उत्तम. तिकडे थंडी रोपं मारते, म्हणून सगळी मंडळी ती जायची वाट बघतात. आपल्याकडे पुण्या-नाशकाची थंडी म्हणजे कोथिंबिरीचं माहेर. इथे रोपं जातात ती दोन गोष्टींनी: एप्रिल-मेच्या तापलेल्या मातीने आणि जुलै-ऑगस्टच्या साचलेल्या पाण्याने. या दोहोंच्या मध्ये काय बसतं, एवढं जमलं की कुंडीतला मसाला अर्धा जमला.

मी पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आणि थोडं वर गच्चीत लावतो. खालचं सगळं त्या अनुभवातलं. कोकण आणि विदर्भासाठी काय बदलायचं ते शेवटी सांगतो.

पहिली पायरी: तारखा कुठून घ्यायच्या

शेतकऱ्याचं पावसाचं गणित नक्षत्रांवर चालतं, आणि ते कुंडीवाल्यालाही फार उपयोगी आहे. ही सूर्याची नक्षत्रं असल्याने दरवर्षी जवळजवळ त्याच तारखेला येतात. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त, म्हणजे आपला 'हत्ती', २७ सप्टेंबरच्या आसपास. प्रत्येक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं. मृगाला पाऊस पडेलच असं नाही, पण हवा बदलते: आभाळ येतं, दुपारची धग उतरते, मातीचा ताप कमी होतो. रोपांना तेवढं पुरतं.

सणांचं मात्र तसं नाही. मी शीर्षकात दसरा म्हटलंय खरं, पण दसरा चांद्र तिथीवर चालतो आणि अधिक महिना आला की पुढे सरकतो. २०२३ साली तो २४ ऑक्टोबरला होता, २०२५ साली २ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक, आणि कोथिंबिरीच्या हिशेबात तीन आठवडे म्हणजे निम्मं पीक. त्यामुळे दसरा ही आठवण समजा, तारीख हवामानाची घ्या. पुण्यात ऑक्टोबर हीटचा तडाखा ओसरून पहाटे पंखा एक नंबरने कमी करावासा वाटला, की थंडीतल्या पेरणीला सुरुवात.

आणि एक कसोटी, जिला ना पंचांग लागतं ना थर्मामीटर. दुपारी तीन वाजता कुंडीत दोन पेरं बोट खुपसा आणि दहा आकडे मोजा. माती बोटाला गार लागली तर धणे, मेथी, शेपू टाकायला हरकत नाही. कोमट लागली तर तुळस, सब्जा, हळद. बोट काढून घ्यावंसं वाटलं, तर त्या कुंडीत सध्या काहीच पेरू नका, आधी कुंडी हलवा. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि ग्रो बॅगा एप्रिलमध्ये बाहेरून अशा तापतात की कडेची मुळं भाजून निघतात. वरून पाणी घालणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी पायरी: आपल्या बाल्कनीचं ऊन ओळखा

हे कुणी सांगत नाही, आणि मला कळायला दोन वर्षं गेली. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात पहिल्यांदा १३-१४ मेच्या सुमारास, ज्याला वर्तमानपत्रं 'शून्य सावली दिवस' म्हणतात, आणि दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटी. या दोन तारखांच्या मध्ये भर दुपारचा सूर्य आकाशाच्या उत्तरेकडच्या अर्ध्यात असतो.

याचा कुंडीशी संबंध असा. दक्षिणेकडच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन पार आतल्या दारापर्यंत येतं, पण मे-जूनमध्ये वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली ती जवळपास सावलीत जाते. उत्तरेकडची बाल्कनी थंडीत काळोखी आणि उन्हाळ्यात चटके देणारी. म्हणजे दक्षिणेची बाल्कनी कोथिंबिरीसाठी देवाने बांधून दिल्यासारखी: हवं तेव्हा ऊन, नको तेव्हा सावली. पश्चिमेची सगळ्यात कठीण. दुपारी दोन ते सहा तिथे जे ऊन तापतं त्यात गवती चहा, कढीपत्ता आणि पानओवा टिकतात, बाकीच्यांना शेडनेट लागते. हिरवी, पन्नास टक्के ऊन अडवणारी जाळी मिळते ती पुरे.

एक दिवस घरी असाल तेव्हा नऊ, बारा आणि चार वाजता बाल्कनीचा फोटो काढा. असे दोन संच हवेत, एक जानेवारीतला, एक मेमधला. तुमच्या घराचं ऊन एवढ्या खात्रीने कुठलंही पुस्तक सांगणार नाही.

तिसरी पायरी: माती

इथे फार वेळ घालवत नाही. गाळलेली बागेची माती, मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सारख्या भागांत. शिवाय मूठभर निंबोळी पेंड. कुंडीला खाली भोकं हवीत आणि ती बुजलेली नकोत. पावसाळ्यात राहणाऱ्या कुंड्यांमध्ये कोकोपीट निम्मं करून त्या जागी जाड वाळू घाला, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवतं आणि जुलैत तेच नडतं.

'वापसा' हा शब्द मात्र शिकून घ्या. पाणी दिल्यावर जास्तीचं निथळून गेलं, माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली की फुटतो, ती अवस्था म्हणजे वापसा. पेरणी वापशावर करायची. चिखलात टाकलेलं बी कुजतं आणि कोरड्यात टाकलेलं मुंग्या नेतात.

चौथी पायरी: धणे, जरा सविस्तर

नवख्याने सुरुवात इथूनच करावी, कारण वेळेचं गणित यात सगळ्यात लख्ख दिसतं.

वाण्याकडचे धणे चालतात. फक्त ते या वर्षीचे असावेत. हातात घेऊन चुरडल्यावर घमघमाट आला पाहिजे आणि रंग हिरवट-पिवळा हवा, मळकट तपकिरी नको. कृषी केंद्रातून पाकीट आणलंत आणि बी गुलाबी किंवा निळं दिसलं, तर त्याला औषध चोळलेलं आहे. ते फक्त पेरायचं, उरलेलं फोडणीच्या डब्यात जाता कामा नये, आणि हात धुवायचे.

आपण ज्याला एक धणा म्हणतो त्यात दोन बिया असतात, एकमेकींना पोट लावून बसलेल्या. त्या सुट्या केल्या की उगवण लवकर आणि सारखी होते. जाड कापडावर धणे पसरा, वरून कापडाची दुसरी घडी टाका आणि लाटणं हलक्या हाताने फिरवा. पोळीला देतो त्याच्या निम्मा दाब. कट् असा बारीक आवाज येतो. कापड उघडलं की अर्धगोल फोडी दिसतात, आतली बाजू सपाट, थोडी खोलगट. भुगा झाला तर दाब जास्त झाला. तेवढे आमटीत घाला आणि पुन्हा करा. आमच्या आजीच्या वेळी हे काम चपलेच्या तळाने व्हायचं, आणि उगवायचंही उत्तम.

फोडी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी निथळून तासभर सावलीत पसरा, मग पेरा. कुंडी किंवा क्रेट किमान आठ इंच खोल घ्या, कारण धण्याचं मुळ सरळ खाली जातं. ओळीत, अर्ध्या पेराएवढ्या खोल, दोन फोडींत बोटभर अंतर. वरून बारीक मातीचा थर, झारीने पाणी, आणि त्यावर ओलं गोणपाट. गोणपाट सहाव्या दिवसापासून रोज संध्याकाळी उचलून बघायचं. पहिला पांढरा कोंब दिसला की त्याच संध्याकाळी काढून टाकायचं. एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटाच्या धाग्यांत घुसतात आणि काढताना मान मोडते. मी हे करून बसलो आहे, म्हणून संध्याकाळ म्हणतोय.

उगवण थंडीत आठ ते बारा दिवसांत. रोपांची जागा बदलायच्या भानगडीत पडू नका. मुळाला धक्का बसला की कोथिंबीर रुसते आणि थेट फुलावर जाते. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कापणी. बाहेरची पानं खुडायची आणि मधला कोंब राखायचा. डिसेंबर-जानेवारीत एका पेरणीतून असे दोन-तीन वेळा हात फिरतात.

आता मुख्य प्रश्न, कधी. पुण्यात ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पण सगळं बी एकदम टाकू नका. घरात चार माणसं असतील तर तीन क्रेट घ्या आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरा. पहिला कापून संपेपर्यंत तिसरा तयार होतो. भोगीच्या भाजीवर घरची कोथिंबीर हवी असेल तर मागे मोजा: भोगी १३ जानेवारीच्या सुमाराला, थंडीत वाढ थोडी मंद, म्हणजे पन्नास दिवस धरा. पेरणी नोव्हेंबरच्या चोवीस-पंचवीसला. असं सणावरून मागे मोजायची सवय लागली की हा छंद राहात नाही, स्वयंपाकघराच्या कामाला लागतो.

फेब्रुवारीनंतर पेरलेले धणे फुलावर का जातात? दिवस मोठा होतो आणि माती तापते. या दोन्ही खुणा मिळाल्या की झाड पानं वाढवायचं सोडून वंश वाढवायच्या मागे लागतं. कुंडी लहान असेल, मधेच एखादा दिवस पाणी चुकलं असेल, तर आणखी घाई. दांडा वर येऊन पानं शेपूसारखी चिरलेली दिसू लागली की खेळ संपला. खुडून किंवा जास्त पाणी घालून ते परत फिरत नाही. मग फुलू द्या. हिरवे कच्चे धणे पाट्यावर मिरची-मिठाबरोबर वाटले तर जो ठेचा होतो, त्यासाठी मी दरवर्षी एक क्रेट मुद्दाम उशिरा पेरतो.

उन्हाळ्यात कोथिंबीर हवीच असेल (जूनमध्ये जुडीचा भाव ऐकला की सगळ्यांनाच हवी असते) तर एक मार्ग आहे. फक्त सकाळचं ऊन, वर शेडनेट, दाट पेरणी, दोन वेळा पाणी, आणि पंचवीस-तीस दिवसांत मुळासकट उपटून घ्यायची. वाढायची वाट बघायची नाही.

मेथी आणि शेपू

मेथी पहिल्या यशासाठी ठेवा, कारण ती कुणालाही येते. रात्री भिजवा, सकाळी पेरा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते, पंचवीस ते तीस दिवसांत भाजी. वेळ धण्याचीच. जानेवारीच्या ढगाळ हवेत मावा, म्हणजे पानांना चिकटणारी बारीक कीड, येतो. पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालच्या बाजूला मारायचा, तरी हटला नाही तर निंबोळी अर्क.

उन्हाळ्यात मोठी मेथी होत नाही, पण समुद्रमेथी होते. मुंबईत समुद्रकाठच्या वाळूत ती पिकते आणि बोटभर जुड्या बाजारात येतात, मुळांना वाळू लागलेली. तशीच उथळ ट्रेमध्ये वाळू-मातीत दाट मेथी टाकून दहा-पंधरा दिवसांत कापून घ्या. मेथी उकाड्याने बिघडायच्या आत ताटात गेलेली असते.

शेपू धण्यासारखाच: थेट पेरायचा, रोप हलवायचं नाही, चाळीस दिवस. बडीशेपेची पानं आवडत असतील तर तीही ऑक्टोबरात.

पाचवी पायरी: मृगाची लावणी

जूनमध्ये बी कमी आणि काड्या, ठोंब, रोपं जास्त लावायची. हवेत ओल असते, पानं सुकत नाहीत, मुळं धरायला वेळ मिळतो. पण पहिल्या मुसळधार पावसात नको. मृग लागल्यावर दोन-चार सरी पडून माती आतपर्यंत भिजू द्या, मग.

गवती चहा कुणाकडूनही मागून आणावा, आणि कुणी नाही म्हणत नाही, कारण ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे तो जास्तच असतो. मुळं असलेल्या तीन-चार काड्यांचा ठोंब घ्या, पानं वीतभर ठेवून छाटा, बारा-चौदा इंचांच्या कुंडीत लावा. पानांच्या कडा धारदार असतात, मुलांना सांगून ठेवा. पहिले दोन-अडीच महिने कापायचा मोह आवरा. मग जमिनीपासून चार बोटं वर कापत राहा, तितका फुटतो. दोन वर्षांनी कुंडी मुळांनी गच्च होते तेव्हा पुढच्या मृगात ठोंब फोडायचे आणि निम्मा शेजाऱ्याला द्यायचा. चक्र असंच चालतं.

पुदिन्यासाठी नर्सरीत जाऊ नका. बाजारातल्या जुडीतल्या जाड, जांभळट काड्या निवडा, चटणीपूर्वी. खालची पानं काढून दोन पेरं पाण्यात बुडतील अशा ग्लासात ठेवा, पाणी रोज बदला, आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं सुटतात. कुंडी खोल नसली तरी चालेल, पण पसरट हवी. पुदिना खाली जात नाही, आडवा पळतो. आणि तो एकटा ठेवा. दुसऱ्या झाडाच्या कुंडीत घातलात तर सहा महिन्यांनी तिथे फक्त पुदिना असेल. लावायच्या दोन वेळा: पावसाचा जोर थोडा ओसरल्यावर जुलैच्या शेवटी, आणि दुसरी फेब्रुवारीत. मेमध्ये तो सावलीत, पाण्याच्या ड्रमाशेजारी खूश असतो.

कढीपत्त्याची फळं पावसाळ्यात काळी होतात आणि बुलबुल ती खातात. ताजी फळं मिळाली तर गर धुऊन बी त्याच आठवड्यात लावा. हे बी साठवून ठेवलं तर मरतं, म्हणून पाकिटातल्या कढीपत्त्याच्या बियांवर पैसे घालवू नका. त्याहून सोपं म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी उगवलेलं पिल्लू मुळासकट आणणं. थंडीत हे झाड गप्प बसतं, पानंही पिवळी पडतात. नवखी माणसं घाबरून डिसेंबरात खत आणि पाणी वाढवतात, आणि मुळं कुजवतात. पाणी उलट कमी करा. फेब्रुवारीच्या शेवटी पालवी फुटताना शेंडा खुडा, खत द्या. आंबट ताक घालायचं का? मीही घालतो, पातळ करून, कारण आई घालायची. झाडाला किती लाभ होतो ठाऊक नाही, मुंग्यांना नक्की होतो.

पानओव्याची काडी कधीही लागते. कापलेलं टोक दोन-तीन तास सुकू द्या आणि ऐन झडीत लावू नका, एवढंच. भजी पहिल्या पावसात हवी असतील तर काडी मार्चमध्येच लावलेली असायला हवी.

हळद, खास पानांसाठी

कंदांसाठी हळद लावणारे सांगली-साताऱ्याकडे पुष्कळ. घरात तिचा खरा उपयोग पानांना. नागपंचमीला, गणपतीत कोकणात हळदीच्या पानात वाफवलेले पातोळे होतात, गोव्यात ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या सणाला होतात, आणि त्या दिवसांत शहरात हळदीचं पान शोधायला माणूस वणवण फिरतो. पान हातभर मोठं व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून लावणी अक्षय तृतीयेच्या आसपास. आल्याचंही तेच.

जानेवारीत भाजीवाल्याकडे लोणच्यासाठी ओली हळद येते. त्यातले चार जाडजूड कंद बाजूला काढा, कोरड्या वाळूत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. एप्रिलमध्ये डोळे फुगलेले दिसतात. डोळा वर करून दोन इंच खोल लावा, पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. तीन-चार आठवडे वर काहीच दिसत नाही. या काळात उकरून बघू नये, असं मी सगळ्यांना सांगतो आणि स्वतः दरवर्षी एक कुंडी उकरतो.

तुळस आणि सब्जा

ही दोन्ही उन्हाळ्याची लेकरं. वाळलेली मंजिरी तळहातावर चोळली की मोहरीहून बारीक बी सुटतं. मार्च ते जून कधीही कुंडीच्या पृष्ठभागावर भुरभुरा, वर चिमूटभर मातीची धूळ, आणि पाणी फवाऱ्याने. झारीने घातलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. आठ-दहा दिवसांत उगवतं. मेअखेरपर्यंत पेरलेली तुळस कार्तिकात लग्नाला उभी राहण्याजोगी होते. मंजिऱ्या खुडत राहिलं तर झाड पानांनी भरतं; लग्नापुरत्या ठेवा. पौषात पानगळ होते, ती झाड मेल्याची खूण नाही.

फालुद्यासाठी आणतो तो सब्जा म्हणजे गोड तुळशीचं बी, आणि ते बहुधा उगवतं. भिजवून मात्र पेरू नका, बुळबुळीत गोळा होतो. कोरडंच टाका. पास्त्यासाठी मोठ्या पानांचं बेसिल हवं असेल तर वेगळं पाकीट आणा, कारण या सब्जाच्या पानाला बडीशेपेची झाक असते. वेळ दोघांची एक: फेब्रुवारी-मार्च किंवा सप्टेंबरअखेर. जुलैच्या झडीत पानांवर काळे डाग पडतात.

परदेशी पाहुणे

रोझमेरी, थाईम, ओरेगॅनो. माझ्या दोन रोझमेरी जुलैत गेल्या. वरून पानं हिरवीच होती, म्हणून मला वाटलं ठीक आहे. एक दिवस फांदी हातात आली, मुळं तपकिरी, लिबलिबीत, वास आंबूस. तीन आठवडे कुंडी ओलीच होती. या झाडांना कोरडा उन्हाळा आणि बेताचा ओलावा माहीत. पावसाळा म्हणजे काय, त्यांना कल्पनाच नाही.

तेव्हा बियांच्या नादी न लागता ऑक्टोबर-नोव्हेंबरात तयार रोप आणा. मातीत एक तृतीयांश जाड वाळू. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंडी उचलून पाऊस लागणार नाही पण उजेड आणि वारा राहील अशा ठिकाणी न्या, आणि माती वरची दोन बोटं सुकल्याशिवाय पाणी नको. पार्सलीची गोष्ट निराळी. ती बियांपासून येते, ऑक्टोबरात रात्रभर भिजवून पेरा. उगवायला तीन-चार आठवडे घेते. लोक दुसऱ्या आठवड्यात कंटाळून त्याच कुंडीत मेथी टाकतात आणि मग दोन्ही एकदम उगवतात.

मे महिन्यात काय करायचं

पेरायचं जवळजवळ काही नाही. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा म्हणजे कडा कमी तापतील. नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पाला वर अंथरा. पाणी सूर्योदयाच्या आत आणि पुन्हा दिवेलागणीला. रिकामी झालेली माती प्लॅस्टिकवर पातळ पसरून कडक उन्हात पंधरा दिवस तापवली की बुरशी आणि किडीची अंडी बरीच कमी होतात. मेचं ऊन एवढ्याच कामाचं, पण या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

तुमचं गाव वेगळं असेल तर

मुंबई आणि कोकणात थंडी उशिरा येते आणि नावापुरतीच. तिथे धणे नोव्हेंबरच्या मध्याआधी नकोत आणि जानेवारीअखेर शेवटची पेरणी. पावसाळ्यात नाजूक कुंड्या छपराखालीच. उलट हळद, गवती चहा, कढीपत्ता तिकडे आपल्यापेक्षा दुप्पट जोमाने येतात.

विदर्भात थंडी चांगली पडते, म्हणून कोथिंबीर-मेथी ऑक्टोबरअखेरीपासून झकास. पण मार्च उजाडला की हात आवरता घ्या. नागपुरात मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो आणि तिथे पुदिन्यालासुद्धा दोन पदरी सावली लागते. महाबळेश्वर-पाचगणीकडच्यांना उन्हाळ्यातही कोथिंबीर जमते, पावसाळ्यात मात्र काहीच नाही.

दुबई-अबू धाबीकडची आपली माणसं विचारतात त्यांना मी एवढंच सांगतो: तुमच्याकडे मृग नाही, आपला थंडीचा भाग फक्त लांब आहे. ऑक्टोबरअखेर ते मार्च बाहेर लावा, नंतर कढीपत्ता आणि तुळस आडोशाला ठेवून बाकीच्यांची आशा सोडा.

आणि कुठेही असलात तरी पेरल्याची, उगवल्याची आणि फुलावर गेल्याची तारीख टिपून ठेवा. त्यासाठी वेगळी वही करू नका, ती हरवते. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो, त्याच चौकोनात पेन्सिलने लिहितो. गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून खिळ्यावर मागे लटकलेलं आहे. २२ फेब्रुवारीच्या चौकोनात लिहिलंय: 'दीड लिटर. धणे, क्रेट ३. उशीर.' आणि ३० मार्चला: 'एक लिटर. फुलं. ठेचा.'